पर्सनॅलिटी टेस्ट किती खरी? चार अक्षरं, दहावीची कल चाचणी आणि बोटांचे ठसे

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये आयएनएफजे, ईएनटीपी अशी चार अक्षरं लिहिलेली तुम्ही पाहिली असतील. मित्राने लिंक पाठवली, दहा-बारा मिनिटं प्रश्नांना टिक केलं आणि शेवटी 'तुम्ही अमुक प्रकारचे आहात' असं छान चित्रासकट उत्तर आलं. टाइमपास म्हणून ठीक आहे. पण हल्ली अशा चाचण्यांवरून दहावीनंतरची शाखा ठरवली जाते, नोकरीच्या अर्जासोबत त्यांची लिंक येते आणि मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांचं भविष्य सांगणारेही पालकांना भेटतात. म्हणून या चाचण्या नेमकं काय मोजतात, किती बरोबर मोजतात आणि त्या बदल्यात आपल्याकडून काय घेतात, हे समजून घेऊया.

घाईत असाल तर एवढं वाचा

• माणसांना १६ खोक्यांत बसवणाऱ्या चाचण्या गप्पांसाठी बऱ्या, निर्णयासाठी कच्च्या.
• गुण थोडे-जास्त अशा पट्टीवर देणाऱ्या चाचण्या, उदाहरणार्थ बिग फाइव्ह, त्यांपेक्षा जास्त भरवशाच्या. पण त्याही भविष्य सांगत नाहीत.
• स्वभाव, आवड आणि क्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची चाचणी दुसरीबद्दल फारसं सांगू शकत नाही.
• बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता किंवा करिअर कळत नाही.
• फुकट क्विझमध्ये आपण आपल्याबद्दलची माहिती देऊन टाकतो. आधी ते तपासा.

चार अक्षरं आली कुठून?

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर एक पुस्तक लिहिलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द जगभर पसरले ते त्यांच्यामुळे. ते पुस्तक युंग यांच्या निरीक्षणांवर आणि विचारांवर उभं होतं, मोजमापावर नाही.

अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी ती कल्पना उचलली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेल तर त्याआधी रहस्यकथा लिहायच्या. हीच प्रश्नावली पुढे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, म्हणजे एमबीटीआय, या नावाने जगभर गेली. तिच्यात चार जोड्या आहेत: अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलावर विसंबणारा की अंदाजावर, डोक्याने ठरवणारा की मनाने, आधी ठरवून चालणारा की ऐनवेळी बघू म्हणणारा. चार जोड्यांतून प्रत्येकी एक बाजू निवडली की १६ प्रकार होतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोनवर आपण जी लोकप्रिय फुकट चाचणी देतो, ती सिक्स्टीनपर्सनॅलिटीज नावाच्या संकेतस्थळाची असते. ती अधिकृत एमबीटीआय नव्हे. अक्षरं तशीच आहेत, पण मागची पद्धत त्यांची स्वतःची आहे आणि शेवटी एक पाचवं अक्षरही जोडलेलं असतं. त्यामुळे 'मी एमबीटीआय दिली' असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ती दिलेलीच नसते.

चाचणी चांगली की वाईट, हे कसं ठरवतात?

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलं असेल तर हे शब्द ओळखीचे असतील: विश्वसनीयता, सप्रमाणता आणि मानके. बाजारातल्या वजनकाट्यावरून ते चटकन समजतात.

विश्वसनीयता: तोच मासा पाच मिनिटांनी पुन्हा काट्यावर ठेवला तर तेवढंच वजन यायला हवं. आज एक किलो आणि उद्या दीड किलो दाखवणारा काटा कुणी वापरणार नाही. चाचणीचंही तसंच. महिनाभराने पुन्हा दिली तर उत्तर साधारण तेच यायला हवं.

सप्रमाणता: काटा दर वेळी तेवढंच वजन दाखवतो, पण त्यावरून मासा ताजा आहे की नाही ते कळेल का? नाही कळणार. चाचणी ज्या गोष्टीबद्दल बोलते, तीच खरोखर मोजते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न.

मानके: तुमचे गुण ४० आले. हे जास्त की कमी? ते कळायला तुमच्यासारख्याच शेकडो माणसांचे गुण आधी माहीत असावे लागतात. तुलना कुणाशी, हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

सोळा प्रकारांचा हिशेब कुठे चुकतो?

रत्नागिरीकरांना आंब्याची प्रतवारी सांगायला नको. समजा कुणी ठरवलं की २५० ग्रॅमच्या वरचा हापूस 'मोठा' आणि खालचा 'छोटा'. मग २४९ ग्रॅमचा आंबा एका पेटीत आणि २५१ ग्रॅमचा दुसऱ्या पेटीत जाईल. फरक दोन ग्रॅमचा, पण नावं एकदम उलटी. आणि २५१ ग्रॅमचा आंबा ४०० ग्रॅमच्या आंब्यासोबत एकाच पेटीत बसेल.

स्वभावाचंही असंच आहे. बहुतेक माणसं ना पूर्ण अंतर्मुख असतात ना पूर्ण बहिर्मुख. जास्तीत जास्त लोक मधल्या भागात असतात. त्यामुळे बरोब्बर मधोमध रेघ मारली की रेघेच्या आसपासच सगळ्यात जास्त गर्दी असते. दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की माणूस रेघेच्या पलीकडे गेला.

आता एक छोटं गणित करा. धरून चाला की पुन्हा चाचणी दिल्यावर प्रत्येक अक्षर तेच राहण्याची शक्यता ८५ टक्के आहे. ऐकायला चांगली वाटते. पण चारही अक्षरं तीच राहायची तर ०.८५ ला चार वेळा स्वतःने गुणावं लागेल. उत्तर येतं ०.५२. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांचा 'प्रकार' दुसऱ्या वेळी बदलेल. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. डेव्हिड पिटेंजर या अभ्यासकाने १९९३ मध्ये एमबीटीआयवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात पाच आठवड्यांच्या अंतराने पुन्हा चाचणी दिल्यावर ५० टक्क्यांपर्यंत लोकांचा प्रकार बदलतो, असं दिसलं.

त्याआधी १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीनेही हा प्रश्न तपासला होता. करिअरच्या सल्ल्यासाठी एमबीटीआय वापरावी इतका भक्कम पुरावा उपलब्ध नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नोकरीसाठी माणूस निवडताना ही चाचणी वापरू नये, असं तर एमबीटीआय चालवणारी संस्था स्वतःच सांगते.

मग ती पूर्ण बिनकामाची का? तसंही नाही. चार जोड्यांमधली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी इतर चांगल्या चाचण्यांशी बऱ्यापैकी जुळते. अडचण येते ती खोक्यात बसवताना. 'तू ५५ टक्के बहिर्मुख आहेस' या वाक्यात जी माहिती असते, ती 'तू ई आहेस' म्हटल्यावर निघून जाते.

मग 'अगदी माझ्यासारखंच' का वाटतं?

खालची चार वाक्यं वाचा.

'वरून तुम्ही शांत दिसता, पण मनात बरेचदा विचारांची घालमेल चालू असते. जवळच्या माणसांसाठी तुम्ही खूप करता, पण त्याची जाणीव सगळ्यांनाच असते असं नाही. तुमच्यात क्षमता आहे, पण तिचा पूर्ण उपयोग अजून झालेला नाही. काही निर्णय चुकले, पण त्यातून तुम्ही शिकलात.'

पटलं ना? ही वाक्यं तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पटतील. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हाच प्रयोग केला. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा खास अहवाल' म्हणून एक कागद दिला. हे वर्णन तुला किती लागू पडतं, याला ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेली होती.

पेपरातलं राशिभविष्य याच युक्तीवर चालतं. चॅटबॉटला 'माझ्या चॅटवरून माझा स्वभाव सांग' असं विचारल्यावर येणारं गोड गोड उत्तरही बरेचदा याच जातीचं असतं. अहवाल 'पटला' म्हणजे चाचणी बरोबर, असं म्हणून चालत नाही. तपासायची सोपी युक्ती अशी: आपल्या प्रकाराचं वर्णन मित्राला 'हे तुझं आहे' म्हणून वाचायला द्या आणि दुसऱ्या प्रकाराचं वर्णन आपण वाचा. दोन्ही तितकीच पटली तर काय समजायचं ते समजा.

बिग फाइव्ह: खोकी नाहीत, पट्ट्या आहेत

मानसशास्त्राचे संशोधक आज सर्वात जास्त वापरतात ती पाच गुणांची पद्धत. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द काढले. पुढच्या अभ्यासकांनी कोणते शब्द एकत्र येतात ते आकडेशास्त्राने तपासलं आणि शेवटी पाच मोठे गट हाताला लागले:

१. नवं स्वीकारण्याची तयारी
२. काटेकोरपणा आणि शिस्त
३. बहिर्मुखता
४. जुळवून घेण्याचा स्वभाव
५. भावनिक चढउतार

यात कुणालाही नाव चिकटवत नाहीत. प्रत्येक गुणात तुम्ही पट्टीवर कुठे आहात एवढंच सांगतात. लुईस गोल्डबर्ग यांनी अशा प्रश्नांचा एक साठा सर्वांसाठी खुला केलेला आहे, त्यामुळे चांगली बिग फाइव्ह चाचणी फुकटही देता येते.

तिचा उपयोग किती? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. काटेकोरपणा हा गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी जोडलेला आढळला. पण तो संबंध होता ०.२ च्या जरा वर. साध्या भाषेत, माणसामाणसांच्या कामातल्या फरकापैकी जेमतेम ५ टक्के भाग यावरून समजतो. उरलेला कौशल्य, अनुभव, वरिष्ठ, पगार, घरची परिस्थिती अशा शंभर गोष्टींवर असतो. म्हणजे सर्वात चांगल्या चाचणीचीही ताकद मर्यादितच आहे.

वयाचा मुद्दाही लक्षात ठेवा. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकियो यांनी २००० मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. लोकांचा स्वभाव एकमेकांच्या तुलनेत किती टिकून राहतो याचा आकडा कॉलेजच्या वयात ०.५४ होता, तर पन्नाशीनंतर ०.७४. दहावीतल्या मुलाचा स्वभाव अजून घडतोय. त्याच्यावर कायमचा शिक्का मारण्याइतका तो पक्का झालेलाच नसतो.

प्रश्न मराठीत आला की

'तुम्हाला पार्ट्यांना जायला आवडतं का?' असा प्रश्न परदेशी चाचण्यांत हमखास असतो. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतला मुलगा 'नाही' म्हणेल, कारण त्याच्याकडे पार्ट्या होतच नाहीत. चाचणी त्याला अंतर्मुख ठरवून मोकळी होईल. तोच मुलगा शिमग्यात रात्रभर पालखी नाचवतो आणि गणपतीत भजनाला पेटी वाजवतो, हे चाचणीला कुठून कळणार? 'मी माझे निर्णय स्वतः घेतो' याला मुलगी 'नाही' म्हणाली तर ती परावलंबी आहे, की घरात विचारून करायची पद्धत आहे?

नुसतं भाषांतर पुरत नाही, हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समध्ये जन्मलेली बिने बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचं पुस्तक आलं. प्रश्न इथल्या मुलांना कळतील असे करायचे, इथल्याच मुलांवर तपासायचे आणि तुलनाही त्यांच्याशीच करायची, हे त्यातलं मुख्य काम. बिने-कामत चाचणी हे नाव आजही दवाखान्यांत ऐकू येतं. ती स्वभावाची चाचणी नाही, पण धडा तोच आहे. फोनवरची चाचणी मराठीत दिसते म्हणून ती मराठी माणसांवर तपासलेली असेलच असं नाही.

दहावीची कल चाचणी: महाराष्ट्राचा सर्वात मोठा प्रयोग

आपल्या राज्यात लाखो मुलांनी एकाच वेळी अशा प्रकारची चाचणी दिली ती 'कल चाचणी'मुळे. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साथीने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली. आधी शाळेतल्या संगणकांवर, मग मोबाइल ॲपवर. पुढे तिला अभिक्षमतेचा भागही जोडण्यात आला.

या चाचणीने मुलांना १६ प्रकारांत टाकलं नाही. तिने आवड पाहिली आणि ती सात क्षेत्रांत मांडली: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. तुमच्यापैकी काहींच्या घरी तो अहवाल अजून फाइलमध्ये असेल.

तो अहवाल वाचताना तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत.

कल म्हणजे आवड. काय करायला तुम्हाला बरं वाटतं?
अभिक्षमता म्हणजे शिकण्याची ताकद. कोणत्या गोष्टी तुम्ही लवकर उचलता?
व्यक्तिमत्त्व म्हणजे स्वभाव. तुम्ही साधारणपणे कसे वागता?

समजा मिरजोळ्यातल्या एका मुलीचा कल 'तांत्रिक' आला. याचा अर्थ तिला यंत्रांबद्दलचे प्रश्न आवडले. गणित जमेल की नाही, हे त्यातून कळत नाही. उलट 'तांत्रिक' खाली आलं म्हणून तिने आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाचा विचार सोडावा, असंही नाही. कदाचित तिने यंत्रावरचं काम जवळून कधी पाहिलंच नसेल. जी गोष्ट पाहिली नाही तिची आवड कशी असणार?

इथे गावाचा फायदा आहे. मिरजोळ्यात एमआयडीसी आहे, बाजूलाच विमानतळ आणि तटरक्षक दलाचा तळ आहे, शहरात शासकीय तंत्रनिकेतन आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. ओळखीच्या कुणाला तरी विचारून एखाद्या वर्कशॉपमध्ये दोन तास उभं राहिलं, मत्स्य महाविद्यालयातल्या एखाद्या ताईला 'दिवसभर काय करावं लागतं?' असं विचारलं, तर साठ प्रश्नांच्या चाचणीपेक्षा जास्त कळेल. कल चाचणीचा चांगला उपयोग म्हणजे कुठे कुठे जाऊन बघायचं याची यादी तिच्यावरून करणं.

घरातल्या वादातही तिचा उपयोग होतो. 'मला कॉमर्स घ्यायचंय' हे बाबांना तोंडावर सांगणं अवघड असतं. हातात कागद असला की निदान बोलणं सुरू होतं. आणि तोच कागद आईबाबांनी 'बघ, तुझ्यात ते नाहीच' असं म्हणायला वापरला की नुकसान होतं. चाचणी तीच, वापर वेगळा.

बोटांच्या ठशांची चाचणी: सरळ नाही म्हणा

डीएमआयटी या नावाने एक चाचणी शाळा, क्लास आणि सोसायट्यांमधून विकली जाते. दहा बोटांचे ठसे स्कॅन करतात आणि मूल डॉक्टर होईल की गायक, कोणती 'बुद्धिमत्ता' किती टक्के, असा भरपूर पानांचा रंगीत अहवाल देतात.

बोटांवरच्या रेघा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. म्हणून त्या ओळख पटवायला उपयोगी पडतात. पण त्यांच्यावरून बुद्धी, आवड किंवा करिअर सांगता येतं याला पुरावा नाही. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. वर सांगितलेल्या तीन कसोट्या लावून बघा. ठसे बदलत नाहीत, म्हणून अहवाल दर वेळी तोच येईल. विश्वसनीयता पूर्ण! सप्रमाणता मात्र शून्य.

यात पैशापेक्षा मोठा धोका आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत. आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून ठशांनी पैसे काढता येतात, हे तर माहीत आहेच. म्हणून अनोळखी माणसाच्या स्कॅनरवर बोट ठेवू नका. कधी ठेवलं असेल तर आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरज पडेल तेव्हा ते उघडता येतं.

नोकरीच्या वेळी चाचणी आली तर?

चाचणीचा शहाणा वापर बघायचा असेल तर सैन्यदलांच्या अधिकारी निवडीकडे बघा. एनडीएची लेखी परीक्षा पास झाल्यावर एसएसबीची मुलाखत असते, पाच दिवसांची. त्यात मानसशास्त्राच्या चाचण्या असतात: चित्र पाहून गोष्ट लिहायची, शब्द दिसल्यावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं, असे ६० शब्द, मग ३० मिनिटांत ६० प्रसंगांना उत्तरं. पण निकाल तेवढ्यावर लागत नाही. मैदानावरची गटकार्यं आणि मुलाखत वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि शेवटी सगळ्यांची मतं एकत्र येतात. तटरक्षक दलाच्या अधिकारी निवडीतही मानसशास्त्रीय चाचणी, गटकार्य आणि मुलाखत असते. चाचणी एका साक्षीदारासारखी असते. निकाल सगळ्या साक्षी ऐकून लागतो.

खासगी कंपनीने पाठवलेल्या लिंकवर 'मी कधीच चिडत नाही' अशी वाक्यं आली की सगळ्यांचा मोह एकच असतो: कंपनीला आवडेल ते टिक करायचं. चाचणी बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. म्हणून तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात आणि उत्तरं जुळतात का ते बघतात. शक्य तितकं खरं लिहा. नापास झालात तर स्वभाव वाईट ठरला असं मानू नका. त्या एका जागेसाठी, त्या एका चाचणीत जुळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमची उत्तरं कुठे जातात?

२०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण बाहेर आलं. त्याच्या मुळाशी एक पर्सनॅलिटी क्विझच होती. 'धिस इज युवर डिजिटल लाइफ' नावाचं ॲप लोकांनी फेसबुकवरून उघडलं, प्रश्नांची उत्तरं दिली आणि परवानगी दिली. त्या एका परवानगीतून त्यांच्या मित्रांचीही माहिती गेली. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार जगभरात ८.७ कोटी लोकांपर्यंत याची झळ पोचली असावी. भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण बाधित होऊ शकलेले भारतीय होते ५,६२,४५५. बाकीच्यांनी क्विझ पाहिलीही नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला गोपनीयतेच्या प्रकरणात ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. त्या माहितीवरून मतदारांची मनं खरोखर किती वळवता आली यावर अजून वाद आहे. माहिती परवानगीशिवाय गेली यावर वाद नाही.

या माहितीला एवढी किंमत का? २०१५ च्या एका अभ्यासात संशोधकांनी ८६,२२० स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइकवरून त्यांचा स्वभाव ओळखायचा प्रयत्न केला. १० लाइक मिळाल्यावर संगणकाचा अंदाज ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा बरोबर आला आणि ३०० लाइकनंतर नवऱ्या-बायकोच्या तोडीला पोचला. जाहिरातदाराला तुमचा स्वभाव कळला की तुम्हाला घाई कशाने होते, भीती कशाची वाटते, हेही कळतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घेण्याची आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण बटण आपल्याच बोटाने दाबलं जातं. म्हणून क्विझ सुरू करण्यापूर्वी हे बघा:

१. उत्तर दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागते का? मागितला तर तिथूनच परत फिरा.
२. कॉन्टॅक्ट, फोटो किंवा लोकेशनची परवानगी मागते का? स्वभाव मोजायला यातलं काही लागत नाही.
३. 'फेसबुकने लॉगिन करा' किंवा 'गूगलने लॉगिन करा' याशिवाय पुढे जाता येतं का?
४. पहिल्या शाळेचं नाव, आईचं माहेरचं नाव, जन्मतारीख असे प्रश्न आहेत का? ते स्वभावाचे प्रश्न नव्हेत, बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं आहेत.
५. जुन्या क्विझना दिलेल्या परवानग्या फेसबुक आणि गूगलच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

मग चाचणी द्यायची की नाही?

द्या, पण अशी:

• जमल्यास खोक्यांपेक्षा पट्टीवर गुण देणारी चाचणी निवडा.
• महिन्याभराने पुन्हा द्या. जे दोन्ही वेळा सारखं आलं, तेवढंच मनावर घ्या.
• तुम्हाला नीट ओळखणाऱ्या दोघांना तुमच्याबद्दल तेच प्रश्न विचारा. आजी आणि बाकावरचा मित्र यांची उत्तरं जिथे जुळतात, तिथे बहुधा काहीतरी तथ्य असतं.
• अहवालातलं एक वाक्य घेऊन ते करून बघा. 'लोकांपुढे बोलायला आवडत नाही' असं आलं असेल तर एकदा वर्गात पाच मिनिटं बोलून बघा आणि मग ठरवा.
• मित्र, जोडीदार किंवा सहकारी निवडताना अक्षरं बघू नका. 'मी असाच आहे, माझा प्रकारच तसा' हे उशिरा येण्याचं कारणही होऊ शकत नाही.

करिअरचा मोठा निर्णय असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अशा मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम करते. कुठेही जा, तीन प्रश्न विचारा: ही चाचणी कुणावर तपासली आहे? माझी तुलना कुणाशी केली? आणि अहवाल माझ्यासोबत बसून कोण समजावून सांगणार? उत्तरं टाळली गेली तर पैसे वाचवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंतर्मुख माणसाला सेल्स किंवा शिक्षकी जमत नाही का?
जमते. अंतर्मुख असणं म्हणजे बोलता न येणं नव्हे. खूप माणसांत राहिल्यावर त्याला थोडा निवांतपणा लागतो, एवढंच.

दर वेळी वेगळा प्रकार येतो. मी खोटं लिहितोय का?
नाही. तुम्ही बहुधा मधल्या गर्दीत आहात. तिथे अक्षर बदलणं साहजिक आहे.

क्विझमध्ये 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं आलं तर?
स्वभावाची चाचणी आजार ओळखत नाही. पण झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर चाचण्या देत बसू नका. घरच्यांशी बोला आणि १४४१६ वर फोन करा. सरकारची ही टेलिमानस सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि फोन कधीही लागतो. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.